प्लेसमेंट ब्रोशरसाठी सेल्फीवरून हेडशॉट: आमच्या लॅबमधल्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

दिवाळीची सुट्टी संपली आणि टीपीओ सरांनी, म्हणजे आमच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरांनी, आज मीटिंगमध्ये सांगून टाकलं की कंपन्यांना द्यायच्या यंदाच्या ब्रोशरमध्ये फायनल इयरच्या सगळ्यांचे फोटो एकसारखे पाहिजेत, आणि तेही गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आत, कारण संक्रांतीच्या त्या दिवसांत सोलापुरात कुठलंच प्रेसचं काम वेळेवर हातात येत नाही. मी गेल्या वर्षीचं ब्रोशर कपाटातून काढून बघितलं. कोणाचा फोटो लग्नातून कापलेला, मागे अर्धा मांडव, कोणाचा आधार कार्डावरून मारलेला, आणि बऱ्याच पोरांच्या अंगात तोच एक काळा कोट, स्टुडिओत भिंतीला टांगलेला असतो तो, खांद्यात ढगळ. आमची मुलं चांगली आहेत. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडून एसटीने येऊन शिकतात, घरात पहिलीच इंजिनिअर होणारी कितीतरी आहेत. त्यांचा फोटो असा जाऊ नये असं मला मनापासून वाटतं म्हणून मीच म्हटलं की मी करते, सेल्फी घेऊन एआयने करून बघते.

ऑनलाईन हेडशॉट, म्हणजे खांद्यापर्यंतचा फॉर्मल फोटो, करून देणाऱ्या भरपूर साईट्स आहेत, माणशी डॉलरमध्ये पैसे घेतात, आणि पोरींचे चेहरे कुठल्यातरी सर्व्हरवर जाणार हे मला पटत नाही. लॅबमध्ये आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड आहे, १२ जीबीचं, त्यावर ओपन मॉडेल, म्हणजे उतरवून आपल्याच मशीनवर चालवता येणारं एआय, चालतं. जेवढं होईल तेवढं इथेच करायचं, नेट न लावता.

६ नोव्हेंबर

सेल्फी यायला लागल्या. बघूनच कळलं की अर्धं काम टूलच्या आधीच आहे.

पहिली गोष्ट व्हॉट्सअ‍ॅप. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून बारीक होतो, त्वचेचा पोत जातो, केसांचा नुसता डाग उरतो. सगळ्यांना सांगितलं की डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसरं ब्युटी फिल्टर, बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात तो आधीपासूनच चालू असतो आणि मुलांना तो चालू आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे गाल गुळगुळीत आणि रंग एक-दोन छटा उजळ होऊनच फोटो येतो, मग पुढे मॉडेलला दोष देऊन उपयोग काय, त्याला खरा चेहरा आपण दाखवलाच नाही.

तिसरं आरसा. पुढचा कॅमेरा काही फोनमध्ये फोटो उलटा सेव्ह करतो, काहींत सुलटा. एका मुलीच्या नाकातली चमकी एका फोटोत डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. ती डावीच आहे, तिला विचारून घेतलं. भांग, तीळ, चमकी, कपाळावरचा व्रण, हे सगळं बाजू बदलतं, म्हणून प्रत्येकाला विचारायचं आणि उलटे फोटो आधी सरळ करून मगच पुढे जायचं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे अंतर. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जन लोकांच्या जर्नलमध्ये याचं गणित आलं होतं, १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसते. तेव्हा लोक सेल्फी बघून नाकाचं ऑपरेशन करायला जात होते म्हणून त्यांनी ते मोजलं. आपल्याला त्याचा अर्थ इतकाच की एआयला हातभर अंतरावरची सेल्फी दिली तर ते तेच नाक खरं धरून पुढे नेणार.

११ नोव्हेंबर

आज सोपा रस्ता बघितला. एक सेल्फी द्यायची आणि खाली लिहायचं की प्रोफेशनल हेडशॉट कर. यंदा ऑगस्टनंतर ही टूल्स फारच सुधारलीत, चेहरा बऱ्यापैकी टिकतो, पूर्वीसारखा भलताच माणूस येत नाही. दोन-तीन ठिकाणी करून बघितलं, स्वतःच्याच फोटोवर आणि ज्या मुलांनी स्वतःहून हो म्हटलं त्यांच्यावर.

फोटो सुंदर आले. ब्लेझर, करडा बॅकग्राउंड, डोळ्यात चमक. पण नीट बघितलं तर सगळे थोडे थोडे गोरे झालेत. दात पांढरेशुभ्र, जबडा जरा कोरलेला. एका मुलीची टिकली गेली, चमकी गेली आणि रंग तर दोन छटा उजळ झाला. ती कॉम्प्युटरची, कोडिंगमध्ये वर्गात पुढे.

तिला मी दाखवलं तेव्हा ती खूष झाली. घरी पाठवला, संध्याकाळी आली की मॅडम आई म्हणतीय हाच ठेवा, पुढे स्थळाला पण चालेल. मी तिला काही लगेच बोलले नाही. तिच्या आईचं चुकतंय असं मी कोणत्या तोंडाने म्हणू, काळ्या पोरीला काय काय ऐकावं लागतं ते त्या माउलीने बघितलेलं असणार. पण ब्रोशरचं काम वेगळं आहे. ज्या एचआरने हा फोटो बघितला तोच उद्या व्हिडिओ कॉलवर तिला बघणार, आणि तिथे तिने पहिल्या मिनिटाला स्वतःच्या फोटोपेक्षा कमी वाटावं, असं मला नको.

१७ नोव्हेंबर

वर्गात यावर तासभर बोलले. सिलॅबस मागे राहिला तरी चालेल, हे झालं पाहिजे होतं.

२०२३ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या एका आशियाई वंशाच्या मुलीने असंच एका एआयला सांगितलं होतं की हा फोटो लिंक्डइनसाठी प्रोफेशनल कर, तर त्याने तिला गोरी आणि निळ्या डोळ्यांची करून दिलं. पोरं आधी हसली आणि मग शांत झाली. मग २०१८ चा जेंडर शेड्स अभ्यास सांगितला, जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांचा, त्यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखणाऱ्या सिस्टीम तपासल्या तर गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. आणि हे एआयपासून सुरू झालेलं नाही, रोलच्या जमान्यात कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला जे कार्ड असायचं त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा, शर्ली कार्ड म्हणायचे त्याला, त्यामुळे तिच्या कातडीला योग्य ते सगळ्यांना योग्य असं धरून फोटो निघायचे.

मॉडेल कसं शिकतं तेही फळ्यावर काढलं. इंटरनेटवरून उचललेले अब्जावधी फोटो आणि त्यांच्याखालचा मजकूर यांच्या जोड्या. ज्या फोटोंखाली कॉर्पोरेट, एक्झिक्युटिव्ह, प्रोफेशनल असं लिहिलेलं असतं ते फोटो कुणाचे असतात ते सांगायची गरजच पडली नाही. तो शब्द घातला की ते सगळे चेहरे आपल्या चेहऱ्याला ओढून नेतात. लॅबमधल्या मॉडेलवर मी मुलांसमोर करून दाखवलं, प्रोफेशनल हा शब्द काढला आणि त्याजागी फक्त उजेड सांगितला, डावीकडून खिडकीचा मऊ उजेड, मागे साधी करडी भिंत, तर गोरेपणा बराच कमी झाला. पूर्ण गेला नाही.

तास संपल्यावर ती मुलगी थांबली आणि म्हणाली मॅडम ब्रोशरला टिकलीचा द्या, आणि तो दुसरा मला मेलवर पाठवा. पाठवला. तो तिचा आहे, तिने काय करायचं ते ती ठरवेल.

संमतीचे फॉर्म आजच वाटले, मराठीत. फोटो कशासाठी, कुठल्या मशीनवर, कधी पुसणार, आणि नको म्हटलं तर साधा फोटो चालेल, एवढंच, एका पानात. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम गेल्याच आठवड्यात निघाले, त्यातल्या बऱ्याच गोष्टी लागू व्हायला अजून दीड वर्ष आहे, पण चांगल्या सवयीला कशाला थांबायचं.

२४ नोव्हेंबर

लोरा, म्हणजे मॉडेलला एखादा चेहरा शिकवणारी छोटी जोडफाईल, ट्रेन करून बघतेय. जे वाचतील त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२२ मध्ये गूगल रिसर्च आणि बोस्टन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ड्रीमबूथ काढलं, एकाच माणसाचे ३ ते ५ फोटो देऊन मॉडेलला तो माणूस शिकवायचा आणि त्याला एक विचित्र, दुसरीकडे कुठे न येणारं नाव द्यायचं. लोरा त्याआधी २०२१ ची, मायक्रोसॉफ्टची, मुळात भाषेच्या मॉडेलसाठी केलेली, त्यात पूर्ण मॉडेल न हलवता बाजूला छोटी मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे तक्ते, शिकवतात, म्हणून आमच्यासारख्या १२ जीबीच्या कार्डावर जमतं. पैसे घेणाऱ्या बऱ्याच हेडशॉट साईट्स दहा-वीस सेल्फी मागतात त्या यासाठीच.

एकेका चेहऱ्याला तासाच्या वर जातो आणि मध्ये लाईट गेली की परत पहिल्यापासून, म्हणून चेकपॉइंट, म्हणजे तोवर झालेलं ट्रेनिंग, थोड्या थोड्या वेळाने सेव्ह करायचे. ट्रेनिंगच्या सेटिंगमध्ये फोटो आपोआप उलटसुलट करायचा एक पर्याय असतो, डेटा वाढवायला, तो माणसाच्या चेहऱ्यासाठी बंदच पाहिजे, नाहीतर तीळ दोन्ही गालांवर येतो. सगळे फोटो एकाच शर्टातले असतील तर शर्टही चेहऱ्याचा भाग समजतो. ट्रेनिंगच्या स्टेप्स जास्त झाल्या की फोटोतला उजेडसुद्धा पाठ होतो, कमी झाल्या की त्या माणसाचा भाऊ वाटावा असा कोणीतरी येतो.

मग मोजायचं कसं? चेहऱ्याचं एम्बेडिंग, म्हणजे चेहऱ्याची आकड्यांतली ओळख, काढून मूळ फोटोशी जुळवायचं, आर्कफेससारख्या चेहरा ओळखणाऱ्या मॉडेलने ५१२ आकड्यांची रांग मिळते, दोन रांगांमधला कोन बघायचा, तो जितका लहान तितके चेहरे जुळतात. इनसाइटफेस या प्रकल्पाची अशी तयार मॉडेल्स संशोधनासाठीच फुकट आहेत, धंद्यासाठी नाहीत, आमचं कॉलेजचं काम आहे तरी ते वाचून घेतलं.

आणि इथे एक गोष्ट सापडली जी मला फार महत्त्वाची वाटते. गोऱ्या केलेल्या फोटोंनाही हा जुळणीचा स्कोअर चांगला येतोय. विचार केला तर बरोबरच आहे, ही मॉडेल्स शिकवलेलीच अशी असतात की उन्हात, सावलीत, मेकअपमध्ये, कसाही असला तरी माणूस तोच ओळखायचा, म्हणजे रंगातला फरक दुर्लक्षित करायलाच ती शिकली आहेत. म्हणजे कुठलंही टूल चेहरा ९५ टक्के जुळतो असं सांगत असेल तर त्या आकड्यात रंग जवळपास मोजलेलाच नसतो. रंग वेगळा मोजावा लागेल.

३ डिसेंबर

रंगाचं मोजमाप लावलं. मूळ फोटोत गाल आणि कपाळ यावरचा तुकडा घ्यायचा, लॅब (Lab) नावाच्या रंग मोजायच्या पद्धतीत न्यायचा, त्यात एल (L) म्हणजे उजळपणा, आणि तयार फोटोतल्या त्याच जागेशी ताडायचा. फोटोचा उजेडच वेगळा असेल तर तुलना फसते, म्हणून मुलांना सांगितलं की एक फोटो हातात कोरा ए-फोर कागद धरून काढा, त्याच उजेडात. कागद पांढरा कसा दिसतो त्यावरून उजेड सरळ करता येतो.

निकाल बघून ठरवलं की चेहरा एआयकडून काढून घ्यायचाच नाही.

कितीही लोरा, कितीही चांगला प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला लिहिलेली सूचना, काहीतरी सरकतंच. आणि त्याला कारण आहे. ही मॉडेल्स फोटोवर थेट काम करत नाहीत, आधी तो दाबून लहान करतात, स्टेबल डिफ्युजन या ओपन मॉडेलमध्ये प्रत्येक बाजूने ८ पट, म्हणजे १०२४ पिक्सेलचा फोटो आत १२८ चा होतो. मुगाच्या दाण्याएवढी टिकली त्यात किती उरणार, आणि चमकी तर एखाद्या चौकटीत मावून जाते, परत मोठं करताना मॉडेल तिथे त्याच्या मनाने काहीतरी भरतं.

म्हणून आता उलटं. मुलाचा मूळ फोटो घ्यायचा, चेहरा, मान, केस आणि डोक्यावर जे असेल ते मास्क करून, म्हणजे झाकून, बाजूला ठेवायचं, एआयने फक्त मागचा भाग बदलायचा. इनपेंटिंग म्हणतात त्याला. यातही एक खाचखळगा आहे, मास्क केलेला भागसुद्धा त्या दाबण्या-उघडण्यातून जातो त्यामुळे तोही किंचित बदलून येतो, म्हणून शेवटी मूळ फोटोतले पिक्सेल जसेच्या तसे वरून परत चिकटवायचे आणि फक्त कडा मिसळायच्या. कडेला खरी मेहनत आहे. कुरळे केस, सुटलेल्या बटा, तिथे आपोआप काढलेला मास्क केस खाऊन टाकतो, हाताने दुरुस्त करावा लागतो. लॅबवाले काका यात माझ्यापेक्षा चांगले निघाले, एकेक बट सोडवत बसतात.

१२ डिसेंबर

चेहरा मूळ ठेवायचा म्हटल्यावर मूळ फोटोच चांगला पाहिजे, म्हणून सेल्फी परत मागवल्या, यावेळी नियम लावून. मागचा कॅमेरा, टायमर, फोन डोळ्याच्या उंचीला कशावर तरी टेकवून, दीड-दोन मीटर अंतर आणि २एक्स झूम. खिडकीकडे तोंड, ट्यूबलाईट बंद, कारण खिडकीचा निळसर आणि ट्यूबचा हिरवट असे दोन उजेड एकाच गालावर आले की कुठलंच टूल ते नीट सोडवत नाही. हनुवटीखाली काळोख येत असेल तर मांडीवर पांढरा टॉवेल ठेवायचा, सोलापूरच्या घरात त्याची काही कमतरता नाही.

जे इथे आहेत त्यांच्यासाठी सकाळी साडेआठला उत्तरेकडच्या व्हरांड्यात फोनच स्टूलवर लावून ठेवला, मुलं एकमेकांचे काढतात. थंडीतला सकाळचा उजेड इतका छान असतो की काही फोटोंना नंतर फक्त भिंतीवरची नोटीस पुसायची राहिली. पुण्यात, हैदराबादला इंटर्नशिपला गेलेल्यांनी रूमवरून पाठवले, त्यांचे आणि आमचे शेजारी ठेवले तर आता एकाच ठिकाणचे वाटतात.

एकजण विचारत होता, मॅडम एवढं करायचं तर एआय कशाला? त्याला एका मित्राचा रूमवरचा फोटो दाखवला, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि गॅस सिलिंडर, आणि मग तयार झालेला. चेहरा तोच, उजेड तोच, मागे करडी भिंत. ज्याच्याकडे कोरी भिंतसुद्धा नाही त्याच्यासाठी हे टूल खरंच मोठी गोष्ट आहे आणि ते मी अजिबात कमी लेखत नाही.

२२ डिसेंबर

कपड्यांवरून आठवडाभर चर्चा. बऱ्याच मुलांना एआयचा ब्लेझर पाहिजे होता. करून बघितला, एका बाजूची कॉलर दुसरीपेक्षा रुंद, बटणं हवेत, टायची गाठ विरघळलेली. आणि नीट जमला तरी मला तो नको आहे, तो स्टुडिओतला टांगलेला कोटच झाला की मग. टीपीओ सर सुरुवातीला ब्लेझरच्या बाजूने होते, त्यांना फॉर्मल शर्टातले काही फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवले, मग तेच म्हणाले की हे जास्त बरे दिसतात. शेवटी ठरलं की कपडे स्वतःचेच, स्वच्छ, इस्त्रीचे. चुण्या काढायला हरकत नाही.

साडी घालणाऱ्या मुलींसाठी एआयच्या साडीचा विचारच सोडला. साडी म्हटलं की ते नवरीच आणतं, गळाभर दागिने, पदर भलत्या खांद्यावर. मुलींनी आपापल्या साड्या नेसून फोटो काढले, एकीने आईची इरकल नेसली, काठ इतका स्वच्छ आलाय की बघत राहावं.

हिजाब घालणाऱ्या एका मुलीच्या फोटोत सुरुवातीच्या एका टूलने कपाळाशी केस काढून दाखवले होते. ती काही बोलली नव्हती, तिच्या मैत्रिणीने मला येऊन सांगितलं. फोटो लगेच पुसला. मास्कमध्ये आता हिजाब पूर्ण धरलाय, कडेसकट, आणि तो फोटो मी आणि ती शेजारी बसून शंभर टक्के झूमवर तपासला. त्याशिवाय पुढे पाठवलाच नसता.

५ जानेवारी २०२६

आज फायली प्रेसला गेल्या. ३५ बाय ४५ मिलिमीटरची चौकट, ३०० डीपीआयला म्हणजे ४१३ बाय ५३१ पिक्सेल, पण मोठी मूळ फाईल प्रत्येकाला वेगळी दिली, लिंक्डइनसाठी.

प्रेसचा पहिला प्रूफ आला तेव्हा सगळे सावळे चेहरे लालसर आणि गडद. स्क्रीनवरचा रंग छपाईच्या चार शाईंमध्ये जाताना असं होतं, आणि ते निस्तरायला प्रेसवाल्यांचा नेहमीचा उपाय म्हणजे सगळंच उजळ करणं, ते मी करू दिलं नाही. स्वतः जाऊन बसले, त्या माणसाने मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-लाल शाईचा रंग, थोडा खाली घेतला आणि परत प्रूफ काढला. तिथे मुलांपैकी दोघं सोबत होती, त्यांना समोर उभं करून कागदाशी ताडलं. आता बरोबर आहे.

ब्रोशरच्या आतल्या पानावर एक ओळ टाकली: फोटोंची पार्श्वभूमी एआयच्या मदतीने बदलली आहे, चेहरे मूळ आहेत. टीपीओ सर म्हणाले गरज आहे का, मी म्हटलं आहे. आणि मुलांना ग्रुपवर लिहून टाकलं की हे फोटो पासपोर्टला, व्हिसाला किंवा परीक्षेच्या फॉर्मला वापरू नका, तिथे बदल केलेला फोटो चालत नाही, त्यासाठी व्हरांड्यातला मूळ फोटो ठेवलाय तोही पाठवते.

लोरा फायली, सुरुवातीचे ट्रायल, पहिल्या सेल्फी, सगळं मशीनवरून पुसलं, बॅकअपमधूनही, आणि फॉर्मवर तारीख टाकून टीपीओ सरांची सही घेतली. ठेवलंय ते फक्त मास्कची पद्धत, रंग मोजायची स्क्रिप्ट आणि सेल्फीचे नियम एका पानावर मराठीत. सेकंड शिफ्टच्या डिप्लोमावाल्या मॅडमनी ते मागितलंय, त्यांच्याकडे ग्राफिक कार्ड नाही, म्हणून बॅकग्राउंड काढायचं काम साध्या सीपीयूवर किती वेळ घेतं ते गुरुवारी त्यांच्या लॅबमध्ये बसून बघायचं आहे. त्यांची बरीच मुलं अजून अठराची नाहीत, तिथे संमतीच्या फॉर्मवर पालकांची सही लागेल, तो फॉर्म तेवढा कन्नड आणि तेलुगूतही करून घ्यायचाय.